घराण्यातला आजार आणि मेंदूचे छायाचित्र

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून परीक्षा, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या घरांत दार लावून, आवाज खाली करून बोलला जातो. तरीही तो याच व्यासपीठावर यायला हवा, कारण हा आजार बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात डोके वर काढतो. म्हणजे मुलगा-मुलगी दहावी-बारावी, कॉलेज किंवा पहिली नोकरी या टप्प्यावर असतानाच. या आजाराला इंग्रजीत बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. मराठीत त्याला द्विध्रुवी विकार असे नाव आहे.

प्रथम आजाराची ओळख करून घेऊ. आनंद आणि दुःख प्रत्येकाच्या आयुष्यात येतात. निकाल चांगला लागला तर आपण हसतो, जनाजा उठला तर रडतो. द्विध्रुवी विकारात मनाची ही पातळीच बिघडते आणि कारण संपले तरी जागेवर येत नाही. एका टोकाला उन्माद असतो. माणूस दिवसेंदिवस दोन-तीन तासच झोपतो आणि तरी थकत नाही. बोलणे थांबत नाही. एका विचारावरून दुसऱ्यावर उडी मारतो. मोठमोठे बेत आखतो, हातचे पैसे उधळतो, कर्ज काढतो, कोणी अडवले तर चवताळतो. दुसऱ्या टोकाला नैराश्य असते. तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, कोणाला भेटत नाही, आपण सर्वांवर ओझे आहोत असे त्याला वाटते. कधी जीव देण्याचे विचार येतात. दोन झटक्यांच्या मध्ये तो अगदी नेहमीसारखा असतो, म्हणून घरचे म्हणतात, "गेले ते दिवस, आता विषय नको." जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी माणसे या विकारासह जगत होती. त्यांत सर्व धर्मांचे, सर्व देशांचे, शिकलेले आणि अडाणी, श्रीमंत आणि गरीब असे सगळेच आहेत.

आता पालकांच्या मनातल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. "माझ्या भावाला हा आजार आहे. माझ्या मुलाला होईल का?" किंवा "अम्मीला होता. मला होईल का?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी भीती असते ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. तेव्हा उत्तरही सरळ दिले पाहिजे.

आजार घराण्यात चालतो, हे खरे आहे. सर्वसाधारण लोकांत शंभरात एक-दोघांना हा विकार होतो. आई, वडील किंवा सख्खे भावंड आजारी असेल तर हे प्रमाण शंभरात सुमारे पाच ते दहा असे वाढते. एकाच गर्भपेशीतून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याचा संभव शंभरात चाळीस ते सत्तर असा सांगितला जातो. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला शिकले पाहिजे. आई किंवा वडील आजारी असले तरी शंभरातल्या नव्वदांहून अधिक मुलांना हा विकार होत नाही. आणि ज्यांच्या अंगातली जनुके एकसारखी आहेत अशा जुळ्यांतही दुसरा पुष्कळदा निरोगी राहतो. याचा अर्थ वारसा मोठा आहे, पण त्याच्याखेरीजही काही घडावे लागते.

नेदरलँड्समध्ये १९९७ पासून अशा आईवडिलांच्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. सुरुवातीला ही मुले बारा ते एकवीस वर्षांची होती. बारा वर्षांनंतर पाहिले तेव्हा त्यांच्यापैकी शंभरात तेरा जणांना द्विध्रुवी विकार किंवा त्याच गटातला सौम्य प्रकार झाला होता. निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना केव्हा ना केव्हा मनःस्थितीचा कोणता तरी विकार, बहुधा नैराश्य, होऊन गेला होता. त्या अभ्यासातली आणखी एक बाब मी आपल्याला मुद्दाम लक्षात ठेवायला सांगतो, कारण पुढे तिच्यावरच माझे मुख्य सांगणे आहे. ज्यांना पुढे द्विध्रुवी विकार झाला त्यांच्यापैकी बहुतेकांत, शंभरात अठ्ठ्याऐंशी जणांत, पहिला झटका उन्मादाचा नव्हता, नैराश्याचा होता.

मग हा वारसा कशाचा? आपल्या समाजात थॅलेसेमियाची माहिती आता बऱ्याच जणांना झाली आहे. तिथे एका ठराविक जनुकाचा दोष असतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच मुलाला मोठा थॅलेसेमिया होतो, आणि वाहक कोण हे रक्ताच्या तपासणीत कळते. द्विध्रुवी विकाराचा हिशेब इतका सोपा असावा अशी शास्त्रज्ञांनाही एकेकाळी आशा होती. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आमिश नावाचा एक ख्रिस्ती पंथ राहतो. त्यांचे विवाह आपसांतच होतात, कुटुंबे मोठी असतात, वंशावळी नीट लिहून ठेवलेल्या असतात. दारू आणि इतर व्यसने कमी, त्यामुळे निदानात घोळ होत नाही. जॅनिस एगलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांतल्या एका मोठ्या कुळाचा अभ्यास केला, आणि आजाराचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्याचा पुरावा मिळाल्याचे १९८७ साली प्रसिद्ध केले. जगभर गाजावाजा झाला. दोनच वर्षांत, १९८९ साली, तो पुरावा ढासळला. ज्यांना निरोगी धरले होते अशा दोन व्यक्ती मधल्या काळात आजारी पडल्या होत्या, शिवाय कुळाची आणखी एक शाखा तपासात आली होती. नवा हिशेब मांडल्यावर अकराव्या गुणसूत्राचा दावा टिकला नाही.

आज आपल्याला अधिक माहिती आहे. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १ लाख ५८ हजारांहून अधिक रुग्णांची जनुके तपासली गेली. आजाराशी संबंध असलेल्या २९८ जागा त्यात सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी थोडा. हे धान्याच्या पोत्यासारखे आहे: एकेक दाणा हलका, पण दाणे जमत गेले की पोते जड होते. म्हणून "हे अमुक घराण्याचे रक्त" असे म्हणून बोट दाखवण्यात अर्थ नाही. या २९८ जागांपैकी काही ना काही आपणा सर्वांच्या अंगात आहेत. माझ्याही, आपल्याही. आईच्या आणि वडिलांच्या अशा दोन्ही बाजूंना आजार असेल तर जोखीम वाढते, हे मात्र खरे. ते लग्न जुळवताना दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलायला हवे.

इथे दुसरा प्रश्न येतो आणि तो हल्ली वारंवार कानावर येतो. "डॉक्टरसाहेब, मेंदूचा फोटो काढून घेतला तर कळेल ना?" ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. हाड मोडले की क्ष-किरणांत दिसते, मग मन मोडले की मेंदूत का दिसू नये?

मेंदू जिवंतपणी पाहण्याची विद्या फार जुनी नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. त्यांना कॉर्मॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर एम.आर.आय. आले. त्यात क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने चित्र तयार होते. या कामाबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. १९९० नंतर तर मेंदूचा कोणता भाग काम करत असताना तिथला रक्तपुरवठा कसा बदलतो, हेही पाहता येऊ लागले.

या यंत्रांनी द्विध्रुवी विकाराविषयी काय दाखवले? अनेक देशांच्या संशोधकांनी आपापली चित्रे एकत्र करून २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २,४४७ रुग्ण आणि ४,०५६ निरोगी माणसे होती. मेंदूच्या पृष्ठभागावर करड्या रंगाचा एक थर असतो. रुग्णांमध्ये तो काही ठिकाणी, विशेषतः कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांत, सरासरीने किंचित पातळ आढळला. जे रुग्ण लिथियम हे औषध घेत होते त्यांच्यात हा फरक कमी होता.

"सरासरीने" या शब्दाकडे लक्ष द्या. समजा आपल्या शाळेतल्या दोन तुकड्यांची उंची मोजली आणि एका तुकडीची सरासरी अर्धा इंच जास्त निघाली. ती गोष्ट खरी. पण एखादा मुलगा माझ्यासमोर उभा करून, केवळ उंचीवरून त्याची तुकडी सांगा म्हणाल, तर मला सांगता येईल का? मेंदूच्या चित्रांचे असेच आहे. तीन हजारांहून अधिक माणसांची चित्रे संगणकाला देऊन, यांतले आजारी कोण ते ओळख, असा प्रयोग संशोधकांनी केला. संगणकाचे उत्तर शंभरातून सुमारे ६५ वेळा बरोबर आले. नाणे उडवून सांगितले असते तरी पन्नास वेळा बरोबर आले असते. आणि इथे फक्त आधीच आजारी असलेले आणि निरोगी असलेले वेगळे काढायचे होते. आज धडधाकट असलेला मुलगा पाच वर्षांनी आजारी पडेल का, हा प्रश्न त्याहून पुष्कळ अवघड आहे.

नातेवाइकांच्या मेंदूंचाही अभ्यास झाला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात ३४ ठिकाणच्या मिळून सुमारे सहा हजार लोकांची चित्रे होती. त्यांत रुग्णांची भावंडे, मुले, आईवडील असे सख्खे नातलग होते. द्विध्रुवी विकार असलेल्यांच्या नातलगांचा मेंदू आक्रसलेला असेल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात त्यांच्या कवटीतल्या पोकळीचे आकारमान इतरांपेक्षा सरासरीने किंचित जास्तच निघाले. छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या नातलगांत अशी वाढ दिसली नाही. यावरून या दोन आजारांचा कौटुंबिक वारसा मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी उतरत असावा असे दिसते. शास्त्राच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट आहे. आपल्या घरातल्या एका मुलाविषयी मात्र तिच्यावरून काहीच ठरत नाही.

आपल्या देशातही हे काम चालू आहे. बंगळूर येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने तिथल्याच इतर संशोधन संस्थांच्या साहाय्याने अशी कुटुंबे अभ्यासाला घेतली आहेत, ज्यांत दोन किंवा अधिक सख्ख्या नातलगांना गंभीर मनोविकार आहे. रुग्ण आणि निरोगी अशा दोघांचेही मेंदूचे चित्र, रक्त आणि जनुके तपासली जातात आणि पुन्हापुन्हा तपासणी करून वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवली जाते. अशा अभ्यासाचे निमंत्रण आले तर ते अपमानाचे समजू नये. मात्र त्यातून आपल्या मुलाचे भविष्य कळेल अशी आशाही धरू नये.

डॉक्टरांनी एम.आर.आय. सांगितले तर ते जरूर करावे. गाठ, अपस्मार, मेंदूची सूज अशा गोष्टी नाहीत ना, हे पाहायला त्याचा उपयोग होतो. परंतु "सगळे ठीक आहे ना, एकदा पाहून घ्या" म्हणून धडधाकट मुलाला यंत्रात घालण्यासाठी कर्ज काढू नका. चित्र स्वच्छ आले म्हणून हायसे वाटून घेऊ नका, आणि अहवालात एखादा अवघड शब्द दिसला म्हणून घाबरूनही जाऊ नका.

मग पालकांच्या हाती काय आहे? आहे, आणि ते यंत्रापेक्षा स्वस्त आहे. ते म्हणजे घराण्याची खरी हकीकत.

मघाशी सांगितले की या विकाराचा पहिला झटका बहुधा नैराश्याचा असतो. आता विचार करा. सतरा वर्षांचा मुलगा उदास झाला. अभ्यास सुटला. अम्मी-अब्बा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारले, "घरात कोणाला मनाचा आजार?" अब्बा म्हणाले, "नाही साहेब, आमच्या खानदानात असे काही नाही." चाचा दोनदा रुग्णालयात राहून आले होते, पण ते सांगायचे कसे? डॉक्टरांनी साधे नैराश्य समजून केवळ नैराश्याचे औषध दिले. द्विध्रुवी विकाराची प्रवृत्ती असलेल्या माणसाला असे औषध एकट्याने दिले तर काही वेळा तो उन्मादात जातो. चाचांचा उल्लेख झाला असता तर डॉक्टरांनी औषध निराळे निवडले असते, निदान आठवड्या-आठवड्याला बोलावून लक्ष ठेवले असते. एका "नाही"ने किती नुकसान झाले! चाचांना कोणते औषध लागू पडले होते हेही सांगावे, कारण लिथियमचा गुण एकाच कुटुंबातल्या माणसांत सारखा येताना दिसतो.

लिथियमचा इतिहासही एका कुटुंबाशी जोडलेला आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी उन्मादावर या क्षाराचा उपयोग दाखवला. डेन्मार्कच्या मोगन्स स्काऊ यांनी १९५४ पासून त्याच्या शास्त्रशुद्ध चाचण्या केल्या. स्काऊ यांच्या सख्ख्या भावाला नैराश्याचे झटके पुन्हापुन्हा येत. लिथियमने ते थांबले. घरातला आजार त्यांनी लपवला नाही, पुढे त्याविषयी उघडपणे सांगितले. आजही हे औषध पहिल्या प्रतीचे मानले जाते, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचा विशेष उपयोग होतो.

औषधांविषयी काही गोष्टी थोडक्यात सांगतो.

एक: बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. झटका परत येण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दोन: लिथियम घेणाऱ्याने रक्तातले त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. जुलाब, उलट्या किंवा घामाने शरीरातले पाणी कमी झाले की रक्तात लिथियम वाढते. हात जोराने थरथरणे, उलट्या, झोकांड्या जाणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अंगदुखीच्या काही साध्या गोळ्यांनीही ते वाढते, म्हणून विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

तीन: रमजानच्या आधी महिनाभर डॉक्टरांना भेटावे. रोज्यात दिवसभर पाणी नसते, सहरीसाठी झोप मोडते, आणि झोप मोडणे हे या विकारात उन्मादाला आमंत्रण असते. कोणी रोजे ठेवू शकेल, कोणी नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील. आजारी माणसाला सवलत आहे हे आपण सर्वजण जाणतो. त्या सवलतीबद्दल घरात टोमणे मारू नयेत.

चार: मुलीचे लग्न ठरत असेल तर औषधाविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे. व्हॅलप्रोएट नावाच्या औषधाने गर्भाला इजा होऊ शकते. अशा वेळी औषध बदलता येते. चोरून बंद करण्याची गरज नाही.

दुआ, दर्गा आणि तावीज यांचा विषय टाळून चालणार नाही. दुआने मनाला धीर येतो, तो कोणी हिरावून घेऊ नये. पण दुआ आहे म्हणून दवा नको, असे आपल्या पूर्वजांनीही मानले नव्हते. कैरोमध्ये सुलतान कलावून यांनी १२८४ साली उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. गुजरातमधल्या मीरा दातार दर्ग्यात येणाऱ्या रुग्णांसाठी "दवा आणि दुआ" या नावाने, दर्ग्याच्या खिदमतगारांच्या सहकार्याने, मनोविकार उपचार सुरू झाले आहेत. उलट बाजूही विसरू नये. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला आग लागली. तिथल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मरण पावले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. घरातल्या माणसाला अशा ठिकाणी सोडून येण्याआधी ते अठ्ठावीस जण आठवावेत.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या घरात हा आजार असेल तर तुम्ही शापित नाही. तुमच्यावर कसलाही शिक्का बसलेला नाही. फक्त तुम्हाला इतरांपेक्षा थोडे अधिक जपायचे आहे. परीक्षेच्या नावाखाली रात्रीमागून रात्री जागू नका. गांजा आणि दारू यांच्या वाटेला जाऊ नका. दोन आठवडे उदासी हटली नाही, किंवा झोप न घेताही अंगात वारे शिरल्यासारखे वाटू लागले, तर अम्मीला, अब्बांना, शिक्षकांना सांगा. घरी सांगता येत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येते. आपल्या राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

पालकांना माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर एका वहीत आपल्या घराण्याची तीन पिढ्यांची हकीकत लिहून काढा. दादा-दादी, नाना-नानी, चाचा, फुफी, मामू, खाला. कोणाला साखर, कोणाला दम, कोणाला हृदयविकार, आणि कोणाला मनाचा आजार, तो कोणत्या वयात सुरू झाला, कोणत्या औषधाने बरे वाटले. लोकांना दाखवायला नको. कपाटात कुलूप लावून ठेवा. पण ज्या दिवशी आपल्या मुलाला डॉक्टरांसमोर बसवावे लागेल, त्या दिवशी ती वही बरोबर न्या आणि विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्या.